पाठीवरचे कडे

१

"डाग! अगोबाई, आईंच्या पाठीवर कुणीतरी डाग दिलाय!"

कुसुमची किंकाळी ऐकून कमलाने चहाचा पेला पडवीतच टाकला आणि आतली खोली गाठली. कुसुम भिंतीला टेकून उभी होती. पाठ पुसायचे ओले फडके तिच्या हातातून गळून पडले होते. खाटेवर तिच्या सासूबाई, यमुनाबाई, डाव्या कुशीवर होत्या. लुगडे कमरेपर्यंत सोडलेले होते, आणि माकडहाडाच्या जरा वर, त्यांच्या गोऱ्या कातडीवर, एक कडे उमटले होते. जांभळट काळे, बोटभर रुंद, आणि मधली कातडी मात्र फिकी. तापलेल्या भांड्याचे बूड कुणी टेकवून धरले असावे, तसे.

यमुनाबाई ही कमलाची सख्खी आत्या. संक्रांतीच्या सुमारास न्हाणीघरात वाऱ्याचा झटका येऊन त्यांचे उजवे अंग गेले, वाचाही गेली. कोण आले, कोण गेले ते डोळ्यांना कळे. पण विचारलेल्याला हो की नाही, तेवढेही त्यांना नीट सांगता येत नसे. मुंबईला पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली कमला त्यांना भेटायला परवाच बोटीने रत्नागिरीत उतरली होती.

पाठोपाठ यमुनाबाईंचा मुलगा श्रीपतराव आत आला. आईची पाठ पाहिली आणि त्याने तोंड फिरवले. फिरवलेले तोंड लालबुंद झाले होते.

"तुळसा कुठाय?"

तुळसा परसात होती. हातखंब्याकडच्या वाडीतली ही कुळवाडीण दोन महिने यमुनाबाईंचे सगळे करत होती: पुसणे, भरवणे, कूस बदलणे. नवरा मुंबईला गिरणीत. शिमग्याच्या पालखीसाठी ती गावी गेली होती आणि कमला उतरली त्याच दुपारी परतली होती. येताना तिने भगताचा अंगारा आणला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आमच्याकडं वारं गेलं का डाग देतात. मानूस उटून बसतो."

ते वाक्य आता घरातल्या प्रत्येकाला आठवले.

दाराबाहेर श्रीपतरावाची काकू आनंदीबाई उभी होती. अंगावर विधवेचे लाल आलवण, हातात पळी. सोवळ्यात असल्यामुळे उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. तिने खोलीत एकदाच पाहिले आणि नजर वळवली. हळूच म्हणाली, "तिच्या लोटीचं बूड बघ, श्रीपती. काळंठिक्कर आहे."

लोटी तुळसाच्या बोचक्यात सापडली. पितळी, आणि बूड खरेच काजळलेले.

"बोल!" श्रीपतराव ओरडला. "तू तापवलीस ही?"

तुळसाने स्वतःच्या हातांकडे पाहिले. "व्हय. पन डाग नाय दिला."

"मग कशाला तापवलीस?"

ती गप्प. श्रीपतरावाने तिला लाकडांच्या खोपटात घालून कडी लावली आणि रामा गड्याला पोलीस कचेरीत निरोप द्यायला पिटाळले.

"आईची पाठ टेकवू नका कुणी," तो म्हणाला. "आहे तशीच राहू दे. हात लावू नका."

"दादा, मला थोडा वेळ दे," कमला म्हणाली. "तुळसा तुरुंगात गेली की मागून खरं कळून उपयोग नाही. आणि नाही गेली, तरी डाग देणारी म्हणून रत्नागिरीत तिला कुणी पायरी चढू देणार नाही."

"दिवेलागणीला हवालदार येईल. तोवर काय शोधायचं ते शोध."

"बीएस्सी झालीस, आता फौजदारीण हो," दारातून आनंदीबाई पुटपुटली आणि स्वयंपाकघरात गेली.

कमलाने आपल्या पेटीतले भिंग आणले आणि आत्याच्या पाठीवर वाकली. बराच वेळ ती तशीच राहिली. त्या काळ्या कड्यावर, अगदी गडद काळ्या जागीही, बारीक मऊ लव होती. एकही केस करपलेला नव्हता.

भाजलेल्या कातडीवर लव उरत नाही.

२

कमलाने खोलीचे दार लोटून घेतले. "आत्ये, मी आहे. जरा बघते हं."

यमुनाबाईंचा डावा हात उशीवर किंचित हलला.

भाजल्यावर फोड येतो, साल सुटते. इथे कातडी अखंड होती. कमलाने हाताची मागची बाजू टेकवली. काळ्या पट्ट्याच्या कडेची जागा आजूबाजूपेक्षा ऊन लागली. बोटाने चाचपले तर पट्ट्याखालचे मांस लिबलिबीत होते, फार पिकलेल्या फळासारखे. मग तिने बोट दाबले आणि उचलले.

ही गोष्ट तिला वसतिगृहातल्या खोलीसोबतिणीने सांगितली होती; ती दाईकाम आणि रुग्णसेवा शिकत होती. "लाल जागा दिसली की दाबून बघायची. पांढरी पडून परत लाल झाली, तर रक्त अजून खेळतंय. पांढरी पडलीच नाही, तर आत बिघाड झाला समज." कमलाने तेव्हा आपल्याच दंडावर पाच-सहा वेळा करून पाहिले होते.

आत्याच्या पाठीवरचा काळा पट्टा पांढरा पडला नाही. दाबण्याआधी जसा होता तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कडे सगळीकडे सारखे नव्हते. वरच्या अंगाला, जिथे हाड कातडीच्या जवळ येते, तिथे ते काळेभोर होते. खालच्या मांसल भागात नुसती जांभळी छटा. तापलेले भांडे टेकवले तर ते कडेने सारखेच भाजेल. त्याला हाड कुठे आहे ते कसे कळणार?

तिने शिवणाच्या टोपलीतला दोरा घेतला, कड्याच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत धरला आणि तेवढाच तोडला. मग तुळसाच्या लोटीवर लावला. लोटीचे बूड दोऱ्याच्या निम्मेही भरेना.

"लोटी सुटली," ती स्वतःशीच म्हणाली. पण लोटी सुटली म्हणजे तुळसा सुटली असे नव्हे. घरात गोल भांड्यांना तोटा नव्हता.

मग, शास्त्राच्या माणसाला सवय असते म्हणून, तिने नुसत्या डागाकडे न पाहता सगळे अंग पाहायला घेतले. मान, खांदे, कोपरे. काही नाही. गुडघे, घोटे. पायांवरचे पांघरूण काढले आणि तिचा हात थबकला.

उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा जांभळा ठिपका होता. कुणी पाहिला नव्हता, कारण टाच कुणी पाहतच नाही. तिने दाबला. तोही पांढरा पडला नाही.

डावी टाच मात्र स्वच्छ होती.

टाचेला डाग कुणी देत नाही. आणि द्यायचाच तर उजवीलाच का? कमला खाटेच्या कडेला बसली. आत्या डावा पाय अधूनमधून हलवत होती, टाच उचलत होती. उजवा पाय ठेवला तिथे ओंडक्यासारखा पडून होता.

म्हणजे जे झाले ते, जिथे आत्याला हलता येत नव्हते तिथेच झाले होते. आग नव्हती, विस्तव नव्हता. कुणी काही केले म्हणून नव्हे, कुणी काहीतरी केले नाही म्हणून हे झाले होते.

३

खोपटाची कडी काढली तेव्हा तुळसा लाकडांवर बसून होती.

"तुळसा, लोटीनं डाग पडलेला नाही. माझी खात्री आहे. आता सांग, लोटी कशाला तापवलीस?"

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आले. "बाय, त्याल तापिवला. परवा मी आली, आईंची पाट पुसली, तं हाताला ऊन लागली. जराशी लाल. मी काकूंना सांगितला. त्या बोलल्या, घामोळं हाय. मंग मी त्याल तापवून चोळला. जोरानं चोळला. माज्या त्यालानंच कातडी जळली वो!"

"म्हणून गप्प बसलीस होय?"

"काय बोलनार? केला तं मीच."

"तेलानं असं कडं उमटत नाही. तेल ओघळतं." कमलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चोळायला नको होतंस ते खरं. पण तू हात लावलास तेव्हाच पाठ ऊन होती. म्हणजे तुझ्या तेलाच्या आधीच काहीतरी झालेलं होतं."

"आदी मी गावाला हुती."

"तेच तर."

कमलाने परत कडी लावली. लावताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण दादाच्या हातात अजून पुरावा ठेवता येत नव्हता.

कुसुम मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. सूप हातात होते, हात मात्र चालत नव्हते.

"वहिनी, तुळसा गावी होती तेव्हा आत्याला तुम्हीच बघत होतात ना?"

"मी? नाही हो वन्सं." कुसुम खालच्या आवाजात म्हणाली. "तुळसा गेली आणि त्याच दिवशी मी बाहेरची झाले. हे गोळपच्या बागेत. मी आपली इथं, ह्याच पडवीच्या कोपऱ्यात. घरात शिवायची सोय नाही. ती आली त्या दिवशी सकाळी न्हाऊन आत आले."

"मग सगळं काकूंवर?"

"सगळं. आणि त्यात होळीचा नैवेद्य! काकूंनी पुरणपोळ्या केल्यान, देवाचं केलंन, मला लांबून ताट सरकवलंन. बिचाऱ्या दमून गेल्या. नाहीतर सोवळ्याची घागर कधी कलंडेल त्यांच्या हातून?"

"घागर कलंडली?"

"अहो, दोनदा! दोन दिवसांत दोनदा. स्वयंपाकघरातून पाणी वाहत थेट पडवीच्या दारापर्यंत. मी इथून हाक मारली, काय झालं काकू, तर म्हणाल्या, तू गप्प बस गो. परत विहिरीवर, परत पाणी. इतक्या वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं." कुसुम जराशी हसली, आणि आतली खोली आठवून लगेच सुपाकडे वळली.

कमला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. आनंदीबाई चुलीसमोर पाठमोरी बसली होती. कोपऱ्यात तांब्याची सोवळ्याची घागर होती.

"काकू, शिमग्याच्या दिवसांत आत्याची कूस कोण बदलत होतं?"

पळी क्षणभर थांबली. "कोण म्हणजे? आम्ही दोघी होतो की. मी आणि कुसुम. वेळच्या वेळी बदलत होतो."

कमलाने कुसुमचे म्हणणे काढले नाही, पुढचे विचारले.

"आणि तुळसाने परवा सांगितलंन ना, पाठ ऊन आहे म्हणून?"

"ती काय वाटेल ते सांगते. जा गो आता. उंबऱ्यावर उभी राहू नकोस, सोवळं आहे."

एकाच प्रश्नाला ह्या घरात दोन उत्तरे होती. पण आनंदीबाईंनी खोटे का सांगावे? पन्नास वर्षे ह्या दोघी जावा एका चुलीशी होत्या. यमुनाबाई आजारी पडल्या त्या रात्री ह्याच काकूने देव पाण्यात घातले होते, असे कुसुम सांगत होती.

शिवाय एक अडचण होती, आणि ती साधी नव्हती. तुळसा परतली तेव्हा पाठीवर कडे नव्हते, नुसती लाली होती. काल कुणाला काही दिसले नाही. आज सकाळी कडे उमटले. शिमग्यात जे काही झाले असेल ते तेव्हाच का नाही दिसले? दिवसांचा हिशेब सरळ तुळसाच्या अंगावर येत होता, आणि ऊन परसातल्या विहिरीच्या पलीकडे कलले होते.

४

ओटीवर गवत पसरून श्रीपतराव पहिल्या तोडीचे आंबे पाहत बसला होता. मन रमवायला दुसरे काही नव्हते. आंबा उचलायचा, देठाशी वास घ्यायचा, फिरवायचा, ठेवायचा. एक त्याने बाजूला फेकला.

"हा का टाकलास?" कमला म्हणाली. "चांगला तर आहे."

"दिसायला! पडलेला आंबा आहे हा. देठ बघ. रामाने गुपचूप ह्यांत मिसळलान." श्रीपतराव करवादला. "आज बघशील तर साल कशी कोरी. मार आत लागलाय. अढीत घाल, दोन-तीन दिवसांनी काळा डाग वर येतो. मग मुंबईचा दलाल म्हणतो, तुमच्या पेटीत डाग पडला. अरे, पेटीत कसा पडेल? पडला तो झाडाखाली. दिसला पेटीत."

कमला एकदम उठून उभी राहिली.

"काय गो?"

"दादा, मघा म्हणालास ते परत म्हण."

"काय? दिसला पेटीत?"

तिने उत्तर दिले नाही. ती विहिरीकडे धावली. पोहऱ्याचा सुंभ तिने हातावर गुंडाळून त्याचे जाड कडे केले, दगडावर ठेवले आणि त्यावर गुडघा टेकून सगळा भार दिला. गुडघा भरून येईपर्यंत ती तशीच राहिली. मग पाय उचलून पाहिला. गुडघ्याखाली लाल कडे, आणि मधे फिकी कातडी. हाडाचा उंचवटा जिथे, तिथे लाली गडद.

वजन तेवढेच असते. टेकायची जागा कमी झाली की दाब वाढतो. हे तिने प्रयोगशाळेत पितळी वजनांवर शिकले होते. गादीवर सगळ्या पाठीवर वाटला जाणारा भार एका कड्यावर आला, की त्या कड्याखालच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या मिटतात. मांसाला रक्त मिळत नाही. तिच्या गुडघ्याला कळ लागली, म्हणून तिने तो उचलला. ज्याला उचलता येत नाही, त्याचे मांस तिथेच उपाशी राहते. आणि पहिले मरते ते हाडालगतचे, खोल आतले. वरची कातडी शेवटी काळवंडते, डाग उशिरा बाहेर येतो. झाडाखाली पडतो, पेटीत दिसतो.

म्हणजे शिमग्याच्या दिवसांत आत्याच्या पाठीखाली काहीतरी गोल होते. जाड, कडक, त्या मापाच्या दोऱ्याएवढे रुंद. ते तिथे होते तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुठल्यातरी जागेवर ते नव्हते.

घागर दोनदा कलंडली.

"श्रीपतराव, दिवे लागले का?" ओटीवरून खणखणीत आवाज आला. महिपत हवालदार आला होता. पगडी काढून त्याने मांडीवर ठेवली, पानाची चंची उघडली. "सायबांनी सांगितलंय, डाग देनाऱ्या बाईला कचेरीत हजर करा. कुठाय ती?"

"खोपटात," श्रीपतराव म्हणाला आणि उठला. "चला."

"थांबा!" कमला विहिरीकडून पळत आली आणि सरळ घरात शिरली. माजघर ओलांडले. स्वयंपाकघराचा उंबरठा आला. दिवसभर ती ह्याच उंबरठ्याशी थांबत होती.

ह्या खेपेला ती थांबली नाही.

"अगो कमळे! ओवळ्याने! शिवलीस तू, सगळं बाटवलंस!" आनंदीबाई किंचाळली.

कमलाने दोन्ही हातांनी भरलेली घागर उचलली आणि खाली ठेवली. घागर डोलू नये म्हणून तिच्या गोल बुडाखाली ठेवलेली सुंभाची चुंबळ तिने हातात घेतली. एका बाजूने ती दबून चपटी झाली होती. तिने कमरेला खोचलेला मापाचा दोरा काढला आणि चुंबळीवर धरला.

एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. सुतभरही कमी नाही, जास्त नाही.

५

सगळी माणसे आतल्या खोलीच्या दाराशी जमली. तुळसालाही आणले होते. महिपत तिच्या मागे उभा होता. कमलाने चुंबळ खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

"भाजलेलं नाही," ती म्हणाली. "लव करपलेली नाही, फोड नाही. उजव्या टाचेवर असाच ठिपका आहे, तिथं तर कुणी भांडं नेलेलं नाही. हे दाबानं झालंय. आत्या एकाच जागी, उताणी पडून राहिली, आणि माकडहाडाखाली ही चुंबळ होती. तुळसा गावी होती तेव्हा. वहिनी बाहेर बसल्या होत्या तेव्हा. दादा, तू बागेत होतास तेव्हा. घागरीखालची चुंबळ निघाली म्हणून घागर दोनदा कलंडली. आणि डाग आज दिसला, कारण असा डाग उशिरानेच दिसतो. हे तूच मघाशी मला सांगितलंस."

श्रीपतराव चुंबळीकडे पाहत राहिला. मग त्याने हळूहळू मान वर केली. "काकू?"

आनंदीबाई उंबऱ्याबाहेर होती. तिने चौकटीला हात टेकला.

"पहिल्या दिवशी दोनदा कूस बदलली मी," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "दोन्ही वेळा गादीला शिवले. दोन्ही वेळा विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नैवेद्य व्हायचा होता, देव पारोसे होते, दुसरं कुणी नव्हतं. अंगात थंडी भरली. जाऊबाई माझ्याहून दुप्पट. मग मनात आलं, हाडाखाली पोकळी ठेवली तर हाड टेकणारच नाही. उशीला शिवता येत नव्हतं, कापसाची ती. सोवळ्यातलं असं घरात काय होतं? चुंबळ तेवढी. सोवळ्याला लोकर चालते, म्हणून धाबळीत गुंडाळली आणि सरकवली. तिला बरं वाटावं म्हणूनच ना गो?"

"आणि मग कूस बदललीच नाहीत," कमला म्हणाली.

"नाही. वाटलं, आता गरज नाही."

आनंदीबाईने चुंबळीकडे पाहिले.

"तुळसा यायच्या आधी काढली, तेव्हा पाठ कोरी होती. नुसती लाल. देवाशपथ. आज सकाळी कडं बघितलं आणि..." तिने डोळे मिटले. "ओळखलं मी. ओळखलं, आणि लोटीकडे बोट दाखवलं."

"जेलात धाडत हुता मना," तुळसा म्हणाली. ती ओरडली नाही. म्हणून ते सगळ्यांना जास्त लागले.

महिपतने पान गालात सरकवले, चुंबळीकडे पाहिले, तुळसाकडे पाहिले. "मग आता मी नेऊ कुनाला? हिला?" त्याने बोटाने चुंबळ दाखवली. "हिला बेड्या बसायच्या नाहीत. सायबांना सांगतो, गैरसमज झाला." आणि पगडी घालत तो ओटीकडे गेला.

आनंदीबाई खाली बसली, पदर तोंडावर घेतला आणि रडू लागली. श्रीपतराव तुळसाला काहीतरी सांगायला शब्द शोधत होता. तेवढ्यात कमलाचे लक्ष खाटेकडे गेले.

आत्या डाव्या कुशीवर होती.

सकाळी कुसुम किंचाळली तेव्हापासून ती डाव्याच कुशीवर होती. श्रीपतरावाने हात लावू नका म्हटले होते, तुळसा खोपटात होती, आणि कमला स्वतः दिवसभर दोरा आणि भिंग घेऊन घरभर फिरत होती. शोधणारे शोधत होते, आणि ज्याचा शोध चालला होता तेच ह्या खाटेवर परत घडत होते.

तिने पुढे होऊन डाव्या कुशीखाली हात सरकवला. खुब्याचे हाड जिथे गादीत रुतले होते, ती जागा ऊन होती.

"दादा, बाहेर जा. वहिनी, उशा आणा, आहेत तेवढ्या. कूस बदलायला दोघी जणी हव्यात."

तुळसा कधीच खाटेच्या पलीकडे गेली होती. अलीकडची बाजू रिकामी होती. तिने आनंदीबाईकडे पाहिले.

"काकू, रडा मागनं. आदी ह्या अंगाला या."

आनंदीबाईने पदर काढला. सोवळ्यातली ती म्हातारी उंबरठ्याशी उभी राहिली, पायाखालच्या लाकडाकडे पाहिले, आणि आत आली. गादीला टेकून वाकली. तुळसाचे हात यमुनाबाईंच्या खांद्याखालून आणि मांडीखालून आले होते. आनंदीबाईने आपले हात त्यांखाली घातले आणि तुळसाची मनगटे धरली.

"वडायचा नाय, काकू. उचलायचा. कातडी खरचटंल."

"बरं गो. सांग कधी ते."

"आता."

यमुनाबाईंचे अंग वर आले, वळले, उजवीकडे जरासे कलते असे उशांवर टेकले. पाठ मोकळी राहिली. कुसुमने पोटरीखाली मऊ उशी दिली. टाच अधांतरी झाली. यमुनाबाईंनी एक लांब श्वास सोडला.

"पाठीचं काय होईल?" आनंदीबाईने विचारले.

"सांगता येत नाही," कमला म्हणाली. "आत किती बिघडलंय ते वरून कळत नाही. कदाचित फुटेल. डॉक्टरांना आणायचं, आणि ह्या वेळी पाठ दाखवायची, लाज धरायची नाही. पण ही जागा बघा."

डाव्या खुब्यावर तळहाताएवढी लाली होती. कंदिलाच्या उजेडात ती रसरसून दिसत होती.

"बोट ठेवा, काकू. दाबा. आता उचला."

आनंदीबाईने बोट ठेवले. तुळसा वाकली, कुसुम वाकली. बोट उठले.

बोटाच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उमटला. क्षणभर तसाच राहिला. मग कडेकडून, हळूहळू, रक्त परत आले.